पेन्सिलीचा रकाना

खडकीच्या डेपोत त्यांनी माझ्याकडून
दोन ब्लँकेटं, एक हेल्मेट, एक पाण्याची बाटली
मोजून परत घेतली, सही घेतली.
बॅग मात्र कुणी मागितली नाही.
खाकी. कडेला पांढऱ्या रंगात नंबर.
घासलेटने घासला,
पुरता गेला नाही.

मग सायकल आली, सरकारी, हिरवी,
ब्रेक फक्त मागचा,
आणि मंगळवार पेठेपासून नदीपर्यंतचा भाग:
सातशे अकरा उंबरे,
माझ्या आधीच्या बाईंनी मोजलेले.
मी मोजले तर सातशे चाळीस भरले.
उरलेल्यांना दारंच नव्हती,
म्हणून त्या मोजायच्या राहिल्या होत्या.

इंफाळच्या वाटेवरच्या तंबूत
माणसं माझ्याकडे आणली जायची,
स्ट्रेचरवर, खेचरावर,
एकदा तर नुसत्या दाराच्या फळीवर.
शुद्धीवर आल्यावर पाणी मागायची,
माझी जात नाही.
इथे मी दारात उभी, आणि आतून पहिला प्रश्न तोच.
दुसरा: नवरा कुठाय?
तिसरा नसायचा. कडी लागायची.

मिस खंबाटा म्हणाल्या,
“पाटोळे, इथे ऑर्डर नाय चालत. बसायला शीक.”
शिकले.
उकिडवी, चुलीच्या उजेडात,
शेणाचा हात अजून ओला असलेल्या जमिनीवर,
लुगडं सावरत, बॅग मांडीवर,
कुणी चहा विचारेपर्यंत
आणि कुणी नाही विचारला तरी.

गजरा सुईणीचं वय गजरालाही ठाऊक नव्हतं.
विळ्याने नाळ कापायची.
मी विळ्याला नावं ठेवली नाहीत.
म्हटलं, डाळ शिजते तेवढा वेळ हाही उकळा.
ती खो खो हसली, “विळ्याची आमटी!”
पेठभर सांगत सुटली.
तिसऱ्या बाळंतपणाला
पातेलं तिनेच मागून घेतलं.

रजिस्टर छापील होतं.
नाव, वय, जात, जन्म, मृत्यू, देवी टोचल्या की नाही.
पाणी कुठून आणता, याला रकाना नव्हता.
मी समासात पेन्सिलीने आखला.
नळ. विहीर. हौद.
शेजारीण देईल तर.

भाद्रपदात हगवणीने सहा पोरं गेली.
त्यातल्या यमीचं वजन मी आदल्याच आठवड्यात केलं होतं,
झोळीत, तागडीच्या आकड्याला लटकवून,
तेव्हा तिने माझं बोट सोडलं नव्हतं.
सहाही नावांपुढे समासात एकच शब्द होता.
हौद.

कचेरीत कारकून म्हणाला,
“हा रकाना मंजूर नाही. बसा, साहेब येतील.”
बसले नाही.
तंबूतला आवाज पोटात कुठेतरी घडी घालून ठेवलेला होता,
तो निघाला.
टाइपरायटर थांबले.
चौथ्या दिवशी क्लोरीनच्या पावडरीचं पोतं आलं,
आणि मला एक मेमो.

पुढे झेंडा बदलला, टोपीवरचा बिल्ला बदलला.
पगार तोच.
सायकलला पुढचा ब्रेक बसला.
वस्तीच्या मुली ट्रेनिंगला येऊ लागल्या,
त्यांतली एक गजराची नात, हातात घड्याळ घातलेली,
ती आजीला विचारायची, किती मिनिटं उकळलंस?

आणि एका सकाळी दिल्लीहून नवं रजिस्टर आलं.
कागद जाड, वास ताजा.
नववा रकाना: पाणी कोठून.
मी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.
कुणाच्या डोक्यातून निघालं, कोण जाणे.
आणखी कुठे कुठे, कुठल्या कुठल्या बायका
समासात लिहीत असणार.

ते घेऊन पहिल्याच घरी गेले.
रकाने भरले, नवाच्या नवू, शाईने.
उठताना बाळंतीण म्हणाली,
“बाई, दोन महिने डोळ्याला डोळा नाही.
दिवा विझला की छातीत धडधडतं.”

झोपेला रकाना नव्हता.
मलाही नाही लागत, इंफाळपासून,
हे मी तिला सांगितलं नाही.
परत बसले.
बॅगेत हात घालून
पेन्सिल शोधू लागले.